संमती, शरणागती आणि मौन : देसाईगंज खटल्याच्या निकालपत्राचे चिकित्सक वाचन

सारांश : तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली घडलेल्या घटनेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. भारतातील बलात्कारविषयक कायद्याच्या सुधारणेला या निकालातून चालना मिळाली, ही बाब सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखात या निकालाकडे कायद्याच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून न पाहता एक संहिता म्हणून पाहिले आहे. संमती कशाला म्हणावे, मौनाचा अर्थ कोणी लावावा आणि प्रश्न कोणाला विचारावा, या तीन मुद्द्यांच्या आधारे निकालातील युक्तिवादाची चिकित्सा केली असून त्याचे मराठी भाषाव्यवहाराशी असलेले नाते तपासले आहे. कायद्याने प्रश्न बदलला तरी वाचनाची सवय बदललेली नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : संमती, शरणागती, पीडितेस दोष देणे, निकालपत्र, भाषाव्यवहार.

१. प्रास्ताविक

निकालपत्र ही सामान्यतः विधी शाखेच्या अभ्यासाची सामग्री मानली जाते. तथापि निकालपत्रात एक कथन असते, पात्रे असतात, घटनांचा क्रम असतो आणि त्या क्रमाचा अर्थ लावणारा निवेदकही असतो. कोणाचे बोलणे विश्वासार्ह, कोणाचे अविश्वसनीय, कोणती कृती स्वाभाविक आणि कोणती संशयास्पद, याविषयीच्या निवेदकाच्या धारणा त्या कथनात मुरलेल्या असतात. साहित्याच्या अभ्यासकाला या धारणा ओळखण्याचा सराव असतो. म्हणूनच निकालपत्राचे वाचन केवळ कायदेपंडितांवर सोपविण्याचे कारण नाही.

बलात्काराच्या घटनेनंतर पीडित स्त्रीलाच जबाबदार धरण्याची प्रवृत्ती ही अशिक्षित वा परंपराग्रस्त मनाची खूण आहे, असा एक समज सुशिक्षित वर्गात आढळतो. हा समज सोयीचा आहे, कारण तो दोष इतरांच्या पदरात टाकतो. देसाईगंज खटल्याचा इतिहास या समजाला छेद देतो. येथे मुलीवर अविश्वास दाखविणारी मंडळी उच्चविद्याविभूषित होती. त्यांची भाषा संयत होती. त्यांच्या युक्तिवादाला कायद्याच्या कलमांचा आधार होता. त्यामुळेच या युक्तिवादाची घडण पाहणे आवश्यक ठरते.

कायद्याच्या वृत्तग्रंथांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने नोंदविला गेला आहे. लोकस्मृतीत मात्र तो त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने आज मनाई आहे. ही मनाई ज्या घटनाक्रमातून आली त्याच घटनाक्रमातील मुलीला तिचा लाभ मिळाला नाही. प्रस्तुत लेखात तिचे नाव हेतुतः घेतलेले नाही.

२. खटल्याची पार्श्वभूमी

देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. घटनेच्या वेळी मुलगी वैद्यकीय अंदाजानुसार चौदा ते सोळा वर्षांची होती. आईवडिलांचे छत्र नव्हते. ती आणि तिचा भाऊ मजुरी करून राहत. ज्या घरी ती कामाला जाई, त्या घरच्या एका नातलग तरुणाशी तिचा स्नेह जुळला होता. बहिणीला पळवून नेल्याची फिर्याद भावाने पोलिसांत दिली आणि २६ मार्च १९७२ रोजी रात्री सर्व संबंधितांना ठाण्यात आणण्यात आले. जबाब झाले. सुमारे साडेदहा वाजता सर्वांना जाण्यास सांगण्यात आले. मुलीला मात्र मागे थांबविण्यात आले. ठाण्याच्या मागील बाजूच्या पडवीत एका पोलीस शिपायाने आपल्यावर बळजबरी केली आणि त्यानंतर हेड कॉन्स्टेबलने अंगाला हात लावून तसाच प्रयत्न केला, अशी तिची तक्रार होती. बाहेर तिचे नातलग थांबले होते. ठाण्यातील दिवे मालवलेले आणि दार आतून बंद असल्याचे पाहून त्यांना संशय आला, हाका मारल्या गेल्या, लोक जमले. ती बाहेर आली तेव्हा तिने घडलेली गोष्ट लागलीच सांगितली.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी आरोपींना निर्दोष ठरविले. मुलगी सोळा वर्षांखालील असल्याचे समाधानकारकपणे सिद्ध झालेले नाही, ती खोटे बोलणारी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय होती, असे त्या न्यायालयाचे मत पडले. संबंध घडला असला तरी तो संमतीने घडला आणि आपल्या माणसांसमोर स्वतःला निष्कलंक दाखविण्यासाठी तिने बलात्काराची गोष्ट रचली, असा तर्क तेथे मांडला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरविला. शिपायाला पाच वर्षांची आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. जसवंत सिंग, न्या. कैलासम आणि न्या. कोशल यांच्या पीठाने ही शिक्षा रद्द केली.

एकाच पुराव्यावर तीन न्यायालयांनी केलेली ही तीन वाचने आहेत. पुरावा बदलला नव्हता. मौनाचा अर्थ बदलत गेला.

३. निकालपत्रातील मौनाचे वाचन

सर्वोच्च न्यायालयाच्या युक्तिवादाचा गाभा तीन मुद्द्यांत सांगता येतो. पहिला मुद्दा जखमांचा. घटनेनंतर सुमारे वीस तासांनी झालेल्या वैद्यकीय तपासणीत मुलीच्या शरीरावर इजेच्या खुणा आढळल्या नाहीत. खुणा नाहीत, म्हणून प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणून जे घडले ते शांतपणे घडले, असा निष्कर्ष काढण्यात आला. दुसरा मुद्दा आरडाओरडीचा. शिपायाने हात धरला तेव्हा भाऊ व इतर मंडळी जवळच होती. तरी तिने त्यांना हाक दिली नाही, ती निमूटपणे गेली. आपण ओरडलो होतो हे तिचे म्हणणे न्यायालयाने रचलेले मानले. तिसरा मुद्दा भीतीचा. मृत्यूची वा शारीरिक इजेची भीती घालून मिळविलेली संमती ही संमती नव्हे, असे भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये म्हटले होते. अशी भीती सिद्ध झाली नाही, म्हणून तिच्या वर्तनाला संमती म्हणण्यास अडचण उरली नाही.

या तीनही मुद्द्यांची रचना एकसारखी आहे. प्रत्येक ठिकाणी काहीतरी ‘नाही’: खूण नाही, हाक नाही, सिद्ध झालेली भीती नाही. तीन अभावांच्या बेरजेतून ‘संमती’ ही भावरूप गोष्ट निर्माण करण्यात आली आहे. मुलीने होकार दिल्याचा एकही शब्द, एकही कृती निकालात दाखविता आलेली नाही. नकाराचा पुरावा अपुरा ठरला की होकार आपोआप सिद्ध होतो, या गृहीतकावर सारा डोलारा उभा आहे.

कायद्याच्या अंगानेही हे वाचन अपरिहार्य नव्हते. कलम ३७५ मध्ये भीतीचा मुद्दा हा अनेक पर्यायांपैकी एक होता. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध आणि तिच्या संमतीशिवाय, हे पर्याय त्याच्या आधी स्वतंत्रपणे नोंदविलेले होते. भीती सिद्ध न झाल्याने केवळ एक पर्याय बाद होतो. संमती होती की नव्हती हा प्रश्न शिल्लकच राहतो. शिवाय त्याच संहितेच्या कलम ९० नुसार क्षतीच्या भीतीपोटी दिलेली संमती ही संमती मानली जात नसे आणि ‘क्षती’ या संज्ञेत शरीराबरोबरच मन, लौकिक व मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोचविलेली हानीही अंतर्भूत होती. पोलीस ठाण्यातील गणवेशधारी माणसापासून एका मजूर मुलीला कोणकोणत्या प्रकारची हानी संभवते, याचा विचार करण्याइतकी जागा कायद्यात होती. ती वापरली गेली नाही.

नागपूर खंडपीठाने याच पुराव्याचे वेगळे वाचन केले होते. आरोपी तिला सर्वस्वी अनोळखी होते; फिर्याद देणाऱ्या भावासोबत ती ठाण्यात आली होती; अशा मुलीने त्या ठिकाणी आपण होऊन संबंधांस पुढाकार घेणे संभवनीय नाही, हे त्या न्यायालयाने लक्षात घेतले. निष्क्रिय शरणागती आणि संमती यांत त्याने भेद केला. दोन्ही न्यायालयांतील फरक केवळ सहानुभूतीचा नाही. तो चौकटीचा आहे. उच्च न्यायालयाने मौनाचा अर्थ लावताना स्थळ, वेळ आणि सत्तेची विषमता विचारात घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मौन त्या परिस्थितीतून वेगळे काढले आणि मग त्याचा अर्थ लावला. रात्रीची वेळ, मालवलेले दिवे, आतून लावलेले दार, रखवालदारच आरोपी, या बाबी कथनात तपशील म्हणून येतात. अर्थनिर्णयात मात्र त्यांना स्थान मिळत नाही. स्त्रियांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी प्रकरणात नापसंती व्यक्त केली होती. पाच महिन्यांनी आलेल्या या निकालात मुलगी रात्री ठाण्यात का थांबविली गेली, या प्रश्नाला महत्त्व उरले नाही.

आणखी एक विसंगती नोंदविणे भाग आहे. न्यायालयाने मुलीच्या मौनाला एवढे वजन दिले. परंतु ती खरोखर मौन होती काय? बाहेर येताच तिने जमलेल्या लोकांसमोर तक्रार केली. तेही ठाण्याजवळच, रात्रीच्या वेळी. जी मुलगी हात धरला असता ओरडली नाही तिचे न ओरडणे पुरावा ठरले. जी मुलगी काही वेळातच बोलली तिचे बोलणे मात्र संशयाचा विषय ठरले. तिच्या मौनावर विश्वास ठेवला गेला आणि तिच्या शब्दांवर अविश्वास.

४. मराठी भाषाव्यवहार आणि संमतीची कल्पना

हे वाचन तीन न्यायमूर्तींच्या मनात अकस्मात उगवले, असे मानणे अन्यायाचे होईल. त्यामागे समाजाचा दीर्घ भाषाव्यवहार उभा आहे. निकाल इंग्रजीत लिहिला गेला, साक्षी मात्र मराठी मुलखात झाल्या. म्हणून मराठी शब्दांची तपासणी येथे अप्रस्तुत नाही.

‘बलात्कार’ या शब्दाची घडणच पाहावी. ‘बलात्’ म्हणजे बळाने. बळाने केलेली कृती ती बलात्कार. शब्दाच्या केंद्रस्थानी बळ आहे, संमतीचा अभाव नाही. साहजिकच ऐकणाऱ्याचे मन बळाच्या खुणा शोधू लागते. फाटलेले कपडे, ओरखडे, झटापट दिसली नाही तर शब्दच लागू पडत नाही असे त्याला वाटते. कायद्याची व्याख्या संमतीवर उभी आणि लोकांचा शब्द बळावर उभा, ही फट देसाईगंज निकालात स्पष्ट दिसते.

वृत्तपत्रांनी रुळविलेला ‘अतिप्रसंग’ हा शब्द याहून सौम्य आणि म्हणून अधिक घातक आहे. त्यात गुन्ह्याचे रूपांतर ‘प्रसंगा’त होते आणि मर्यादा ओलांडली एवढाच दोष उरतो. ‘विनयभंग’ ही संज्ञा तर कायद्याच्या मराठी परिभाषेत आजही आहे. तीत हानी स्त्रीच्या शरीराची वा इच्छेची होत नाही, तिच्या विनयाची होते. विनय भंगण्यासाठी तो आधी असावा लागतो आणि तो होता की नाही याची चौकशी ओघानेच येते. ‘अब्रू गेली’ या प्रयोगात गमावणारी स्त्रीच आहे. ‘तोंड काळे करणे’ हा वाक्प्रचार अत्याचार आणि परस्परसंमत संबंध यांत भेदच करीत नाही. क्रियापदांचीही तीच गत आहे. पाऊस झाला, अपघात झाला, तसा ‘बलात्कार झाला’; वाक्यातून कर्ता निघून जातो आणि ज्या व्यक्तीवर तो झाला तेवढीच वाक्यात उरते. प्रश्न मग तिलाच विचारले जातात.

म्हणींनी हे काम अधिक थेटपणे केले आहे. टाळी एका हाताने वाजत नाही, ही म्हण भांडणापुरती निरुपद्रवी असेल. बलात्काराच्या संदर्भात ती पीडितेला सहगुन्हेगार बनविते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील वार्षिक आकडेवारीनुसार बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. अशा घरांत ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ आणि ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या दोन म्हणी मिळून तक्रारीचा मार्ग बंद करतात. पुढे कधी ती बोललीच, तर इतके दिवस गप्प का होतीस, हा प्रश्न तयारच असतो.

या साऱ्याच्या मुळाशी ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे संस्कृत वचन आहे. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात खाली घातलेली मान होकार म्हणून गणली जाई आणि उत्तर वडीलधारे देत. तेथे मौन हा तिचा निर्णय नव्हता. तिला विचारलेच जात नव्हते. महाराष्ट्रात ‘संमती’ हा शब्द सार्वजनिक वादाचा विषय झाला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या निमित्ताने. त्या कायद्याने मुलींच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाच्या मुद्द्यावर त्यास विरोध केला, तर आगरकर, रानडे, भांडारकर, मलबारी ही मंडळी सुधारणेच्या बाजूने होती. वाद वयाचा झाला, धर्माचा झाला, सरकारच्या अधिकाराचा झाला. मुलीच्या इच्छेचा झाला नाही. संमती म्हणजे एक आकडा, असा अर्थ तेथे रूढ झाला. त्याआधी चारच वर्षे, १८८७ साली, रखमाबाईंना मुंबई उच्च न्यायालयाने पतीगृही जावे वा तुरुंगवास पत्करावा असा आदेश दिला होता. त्यांनी जाण्यास नकार दिला. त्यांचा नकार स्पष्ट, लेखी आणि जाहीर होता. तरीही तो कायद्याला ऐकू आला नाही. याच काळात, १८८२ साली, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून दोषाचे माप एकट्या स्त्रीच्याच पदरात का, असा प्रश्न केला होता.

देसाईगंज खटल्यातही सत्र न्यायालयात पहिला प्रश्न आकड्याचा होता : ती सोळा वर्षांखालील आहे काय? तो आकडा सिद्ध झाला नाही म्हणताच तिचे मौन संमतीच्या बाजूने मोजले गेले. १८९१ च्या वादात जी इच्छा विचारली गेली नव्हती ती १९७८ मध्येही विचारली गेली नाही.

५. अध्यापकांचे खुले पत्र आणि कायद्यातील परिवर्तन

निकालानंतर एका वर्षाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. अंतिम न्यायालयाच्या अंतिम निकालाचे हे जाहीर पुनर्वाचन होते. पुराव्यातून शरणागती सिद्ध होते, संमती नव्हे, हा त्यांच्या मांडणीचा कणा होता. १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला आणि ८ मार्च १९८० रोजी देशातील अनेक शहरांत निदर्शने झाली. वर्गात निकालपत्रे शिकविणाऱ्या अध्यापकांच्या वाचनातून चळवळीला शब्द मिळाले, ही घटना महाविद्यालयीन अध्यापकवर्गाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतील व तत्सम बलात्कारासाठी स्वतंत्र व अधिक शिक्षा ठरविली. पुरावा अधिनियमात कलम ११४-क आले. अशा प्रकरणांत संबंध सिद्ध झाला असेल आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असे गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले व सुनावणी बंद दालनात होऊ लागली. तक्रारदार स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखविण्याची मुभा पुरावा अधिनियमातच होती. ती २००२ च्या दुरुस्तीने गेली. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या केली : शब्द, हावभाव वा अन्य मार्गाने व्यक्त झालेली निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची मान्यता. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ही व्याख्या कायम आहे. त्याच कलमात अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेल्या संबंधाचा अपवादही कायम आहे. म्हणजे रखमाबाईंनी उपस्थित केलेला प्रश्न अद्याप संपलेला नाही.

या परिवर्तनाचे सार एवढेच की कायद्याने प्रश्न बदलला. पूर्वी ‘तिने विरोध केला काय?’ असा प्रश्न होता. आता ‘तिने होकार दिला काय?’ असा आहे.

६. बदललेला कायदा, टिकलेली सवय

तथापि प्रश्न बदलल्याने उत्तर शोधण्याची सवय बदलतेच असे नाही. २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात, परस्परांशी परिचित व्यक्तींमध्ये क्षीण स्वरात दिलेला नकार हा नकारच असेल असे दर वेळी सांगता येत नाही, अशा आशयाचे विवेचन करून आरोपीस संशयाचा फायदा दिला. व्याख्या होकाराची निःसंदिग्धता मागते. येथे निःसंदिग्धता नकाराकडून मागितली गेली. २०२० साली कर्नाटक उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन देताना, अत्याचारानंतर झोपी जाणे भारतीय स्त्रीला शोभत नाही, अशी टिप्पणी केली. टीकेनंतर ती वगळण्यात आली. ‘दोन बोटांची चाचणी’ ही पूर्वचारित्र्य शोधणारी वैद्यकीय प्रथा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अमान्य केली होती. तरीही ती सुरू राहिली आणि २०२२ साली तिचा अवलंब करणाऱ्यास गैरवर्तनाबद्दल दोषी धरण्याचे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

दुसरी बाजूही नोंदवावयास हवी. १९९६ च्या गुरमित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीडितेच्या साक्षीकडे सहअपराध्याच्या साक्षीप्रमाणे पाहू नये असे सांगितले. २०२१ च्या अपर्णा भट प्रकरणात आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी ही जामिनाची अट त्याच न्यायालयाने रद्द केली आणि स्त्रीविषयक साचेबंद कल्पना निकालांत येऊ नयेत असे निर्देश दिले. २०२३ मध्ये अशा कल्पनांची आणि शब्दांची यादी करणारी पुस्तिकाही प्रसिद्ध झाली. न्यायसंस्था स्वतःच्या भाषेचे परीक्षण करू लागली आहे. समाजाने आणि शिक्षणसंस्थांनी तसे परीक्षण किती केले, हा प्रश्न मात्र उरतोच.

७. एका आक्षेपाचा विचार

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. आरोपी निर्दोष मानूनच खटला चालवावा, संशयाचा फायदा त्यास मिळावा, हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व आहे. पीडितेच्या शब्दावर सरसकट विश्वास ठेवल्यास हे तत्त्व धोक्यात येणार नाही काय? आक्षेप हेटाळणीने उडवून लावण्याजोगा नाही. देसाईगंजच्या मुलीच्या पहिल्या फिर्यादीत आणि नंतरच्या साक्षीत हेड कॉन्स्टेबलच्या कृतीविषयी तफावत होती. न्यायालयाने तिची दखल घेणे नियमाला धरूनच होते. अशी तफावत तपासणे म्हणजे पीडितेस दोष देणे नव्हे.

भेद येथेच करावा लागतो. पुराव्याविषयी संशय घेणे वेगळे आणि पुराव्याच्या जागी चारित्र्य ठेवणे वेगळे. साक्षीतील दोन विधाने जुळत नाहीत, हा संशय पुराव्यातून येतो. ती पूर्वी कोणाबरोबर राहिली, तिने कोणते कपडे घातले, ती ओरडली का नाही, यांतून येणारा संशय हा आदर्श स्त्री कशी वागते या पूर्वकल्पनेतून येतो. पहिला संशय आरोपीचा हक्क आहे. दुसऱ्या संशयावर आरोपीचा असा कोणताही हक्क नाही. कलम ११४-क ने आणलेले गृहीतकही खंडनीय आहे. आरोपीस बचावाची संधी त्यात आहे. फरक एवढाच पडतो की, तिची संमती आहे हे आपल्याला कशावरून कळले, याचे उत्तर त्याला द्यावे लागते.

८. समारोप

देसाईगंज निकालाचे वाचन हा केवळ इतिहासाचा अभ्यास ठरू नये. १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकण्यासाठी महाविद्यालयांतही अंतर्गत समित्या असणे बंधनकारक झाले आहे. या समित्यांवर अध्यापकही असतात. म्हणजे निकालपत्र वाचणारा वर्ग आता लहान प्रमाणात का होईना, निकालपत्र लिहिणारा वर्गही झाला आहे. समितीसमोर आलेल्या विद्यार्थिनीला त्याच्याबरोबर चहाला का गेलीस, तेव्हाच का बोलली नाहीस, असे विचारले जाते, तेव्हा देसाईगंजचा युक्तिवाद नव्या टेबलाभोवती पुन्हा मांडला जातो. तक्रारीस विलंब होतो हे कायद्याने ओळखले आहे. तीन महिन्यांची मुदत कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढविण्याचा अधिकार समितीस आहे. विलंबाचा अर्थ खोटेपणा असा लावणारी समिती कायद्याच्याही मागे राहते.

या दृष्टीने तीन गोष्टी अध्यापकांच्या हाती आहेत. विचारण्याचा पहिला प्रश्न ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला असावा : तिची इच्छा आहे हे आपणास कशावरून समजले? मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी त्या दोघांमधील वय, पद, गुण देण्याचा अधिकार आणि आर्थिक अवलंबन यांची नोंद व्हावी. आणि अहवालाचे वाक्य लिहिताना कर्ता गाळला जाऊ नये. तिसरी गोष्ट केवळ व्याकरणाची वाटेल. परंतु कर्ता गाळलेल्या वाक्यात प्रश्न विचारण्यासाठी पीडितेखेरीज कोणी उरत नाही, हे वर पाहिले आहे.

त्या रात्री ठाण्याजवळ जमलेल्या लोकांना मुलीने जे सांगितले ते समजायला कायद्याचे ज्ञान लागले नव्हते. साडेसहा वर्षांनी, तीन न्यायालयांनंतर, ते समजेनासे झाले. या दोन वाचनांमधील अंतर अज्ञानाने निर्माण केलेले नाही. विद्येनेच ते निर्माण केले होते. ते भरून काढण्याची जबाबदारीही त्यामुळे विद्येचा व्यवहार करणाऱ्यांवरच येते.